वितळण्याचं माप

जबलपूरहून भेडाघाटला गेलं की नर्मदेच्या दोन्ही काठांवर संगमरवराचे उभे कडे लागतात. मे महिन्याच्या दुपारी हा दगड उन्हात तापतो आणि दिवेलागणीनंतरही बराच वेळ ऊब सोडत राहतो. दगडाचा हा गुण बांधणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखला होता. जाड भिंत दुपारची उष्णता पोटात घेते, ती आतल्या खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि रात्रीच्या वाऱ्याने भिंत पुन्हा निवते. महाकोशलातल्या गढ्या, विदर्भातले वाडे, जाड मातीच्या भिंतींची कौलारू घरं, सगळी याच हिशेबावर उभी होती.

तो हिशेब आकड्यांत मांडून पाहावा. दहा सेंटिमीटर जाडीच्या संगमरवरी भिंतीचा एक चौरस मीटर भाग घेतला, तर त्याचं वजन २७५ किलोच्या घरात जातं. हा दगड २६ अंशांवरून ३१ अंशांवर गेला, तर त्यात साधारण १२०० किलोज्यूल उष्णता साठते. तेवढीच उष्णता, तापमानाच्या तेवढ्याच पट्ट्यात, कॅल्शियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट या क्षाराचा जेमतेम चार मिलिमीटरांचा थर साठवून घेतो. त्याचं वजन भरतं सात किलोंच्या आत. हा क्षार २९ अंशांच्या आसपास वितळतो आणि वितळताना किलोमागे १७० ते १९० किलोज्यूल शोषतो. शाळेच्या पुस्तकात ज्याला अप्रकट उष्मा म्हणतात, तो हाच.

भिंतीत किंवा छतात अशा पदार्थांचे थर बसवावेत, दुपारी ते वितळावेत, रात्री गोठावेत आणि घर त्या मानाने सौम्य राहावं, ही कल्पना आता पाऊणशे वर्षांची झाली. अवस्था बदलणाऱ्या या पदार्थांना त्या क्षेत्रातली मंडळी ‘पीसीएम’ म्हणतात. मेण, मेदाम्लं, अंगात पाणी धरून ठेवणारे क्षार हे त्यांचे मुख्य प्रकार. थंडीत थिजणारं खोबरेल तेलसुद्धा त्यांच्यातलंच एक.

मात्र वरचा आकडा पुन्हा वाचावा: १७० ते १९०. पदार्थ एकच, आणि दोन टोकांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत. नमुना किती शुद्ध होता, किती मोठा होता, तो किती घाईने तापवला, यावर आकडा हलतो. थर चार मिलिमीटरांचा पुरेल की साडेचार लागेल, पंख्यावर भागेल की एसी घ्यावा लागेल, हे त्या तफावतीत अडकलेलं असतं. म्हणून या पदार्थांची कुळकथा म्हणजे मुख्यतः त्यांच्या मोजमापाची कुळकथा आहे. तिची सुरुवात ग्लासगोतल्या एका थंड दालनात झाली.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांची समजूत अशी होती, की बर्फ वितळण्याच्या उंबरठ्यावर आला की मग जराशी उष्णता दिली तरी तो सगळा पाणी होऊन जातो. ग्लासगो विद्यापीठात शिकवणारे जोसेफ ब्लॅक यांना ते पटत नव्हतं. तसं असतं तर वसंतातल्या पहिल्या उबदार दिवशी डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळला असता आणि खालच्या गावांत हाहाकार उडाला असता. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, म्हणजे तो मुकाट्याने बरीच उष्णता घेत असला पाहिजे.

डिसेंबर १७६१ मध्ये ब्लॅक यांनी ते मोजायला घेतलं. पातळ काचेचे दोन सारखे गोल घेतले आणि दोन्हींत सारखं पाणी भरलं. एकातलं पाणी गोठवलं, दुसऱ्यातलं गोठायच्या बेताला, म्हणजे ३३ फॅरनहाइटपर्यंत, थंड केलं. मग दोन्ही गोल एका मोठ्या रिकाम्या दालनात एकमेकांपासून हातभर अंतरावर टांगले. दालनाचं तापमान ४७ फॅरनहाइटवर स्थिर होतं. पाण्याचा गोल अर्ध्या तासात ७ अंश चढून ४० वर पोचला. बर्फाच्या गोलाला त्याच ४० पर्यंत यायला साडेदहा तास लागले.

दोन्ही गोल सारखे, हवा तीच, तेव्हा दोघांत दर अर्ध्या तासाला शिरणारी उष्णताही सारखीच धरली. साडेदहा तासांत अर्धे तास २१. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. बर्फाचं पाणी झाल्यावर ते ८ अंश तापलं, ते वजा केले. उरले १३९. एवढ्या अंशांची उष्णता बर्फाने घेतली होती आणि तापमापकाला तिचा पत्ता नव्हता. आजच्या अचूक मोजणीत हा आकडा १४३-१४४ येतो. एक दालन, दोन काचेचे गोल आणि एक तापमापक यांच्या जोरावर चूक साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहिली. ब्लॅक यांनी हे आयुष्यभर वर्गात शिकवलं, पण छापलं मात्र नाही. त्यांची व्याख्यानं १८०३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली.

पॅरिसमध्ये लव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात हीच गोष्ट उलटी वापरली. ब्लॅक यांनी उष्णतेने बर्फ मोजला होता, या दोघांनी बर्फाने उष्णता मोजली. धातूच्या भांड्यात मधोमध जाळीची टोपली, तिच्याभोवती बर्फ, आणि दालनाची ऊब आत येऊ नये म्हणून बाहेरून बर्फाचं आणखी एक वेष्टन. टोपलीत तापलेली वस्तू ठेवायची, आतला बर्फ वितळून खाली किती पाणी गळलं ते तोलायचं. या टोपलीत त्यांनी जिवंत गिनिपिगही ठेवला आणि श्वसन हे एक मंद ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. उपकरण चांगलं होतं, पण ते कडाक्याच्या थंडीतच चालायचं.

याच मापाचा एक वंशज आज आपल्या घराघरांत आहे. १८३० च्या दशकात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा बर्फ भुशात बांधून जहाजाने कोलकात्याला आणि मुंबईला येऊ लागला. मुंबईच्या कोटात त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. पुढे बर्फाची यंत्रं निघाली, मग हवा थंड करणारी यंत्रं आली, तेव्हा त्यांची ताकद सांगायला व्यापाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना कळेल असं माप हवं होतं. ते बर्फातूनच आलं. २००० पौंडांचा अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. पौंडामागे १४४ ब्रिटिश एकक धरली, तर तासाला बरोबर १२,००० येतात, म्हणजे साडेतीन किलोवॅट. दुकानात ‘दीड टनाचा एसी’ मागताना आपण ब्लॅक यांचाच आकडा उच्चारत असतो. असं यंत्र दिवसभर पूर्ण ताकदीने चाललं, तर १३६० किलो बर्फ वितळवेल एवढी उष्णता खोलीबाहेर काढतं.

घर उबदार ठेवण्यासाठी वितळणारा क्षार वापरण्याचा पहिला गाजलेला प्रयोग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डोव्हर गावी १९४८ मध्ये झाला. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या मारिया टेल्केस यांनी त्याचं विज्ञान सांभाळलं, वास्तुरचना एलिनर रेमंड यांची होती आणि पैसा अमेलिया पीबडी यांचा. तिघी स्त्रिया, आणि काळ दुसरं महायुद्ध नुकतंच संपल्याचा. घराच्या दक्षिणेच्या भिंतीवर काचांमागे ऊन पकडायचं, पंख्याने ती गरम हवा भिंतींमधल्या कप्प्यांत सोडायची, आणि तिथे पिंपांत भरलेलं सुमारे २१ टन ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट डेकाहायड्रेट, वितळवायचं. हा क्षार ३२.४ अंशांवर वितळतो आणि किलोमागे सुमारे २५० किलोज्यूल घेतो. कागदावर सगळं बिनचूक होतं.

दोन हिवाळे निभावले, तिसऱ्यात घर थंड पडू लागलं. कारण क्षाराच्या स्वभावात होतं. ग्लॉबर सॉल्ट बर्फासारखं सरळ वितळत नाही. ३२.४ अंशांवर त्याच्या अंगातलं पाणी सुटतं, बराचसा क्षार त्या पाण्यात विरतो, पण काही कोरडा भाग उरतो आणि जड असल्याने तळाशी बसतो. थंडी आल्यावर पाणी वर आणि कोरडा क्षार खाली, मधे नव्याने तयार झालेल्या स्फटिकांचा थर. दोघांची गाठ पडत नाही. दर वितळण्या-गोठण्यागणिक तळाचा थर वाढत जातो आणि साठवण घटत जाते. २५० चा आकडा खरा होता, तो पहिल्या वितळण्याचा होता. शंभराव्या वितळण्याचा आकडा कुणी मोजला नव्हता. टेल्केस यांनी पुढे कित्येक वर्षं याच दुखण्यावर काम केलं. क्षार वेळेवर गोठावा म्हणून त्यात थोडा बोरॅक्स घालण्याचा त्यांचा उपाय आजही वापरात आहे.

तिकडे प्रयोगशाळेतली उपकरणं मात्र उलट दिशेला, लहान लहान नमुन्यांकडे निघाली होती. त्याची सुरुवात, योगायोगाने, बांधकामाच्याच मालापासून झाली. १८८७ मध्ये फ्रान्समध्ये ल शातेलिए निरनिराळ्या चिकणमात्या तापवून त्यांचं तापमान कुठे अडखळतं ते टिपत होते. १८९९ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी नमुन्याशेजारी काहीच बदल न होणारा दुसरा पदार्थ ठेवला आणि दोघांच्या तापमानांतला फरक मोजला. अडखळणं त्यामुळे ठळक दिसू लागलं. १९६२ मध्ये पर्किन-एल्मर कंपनीतल्या वॉटसन आणि ओ’नील यांनी त्यापुढचा टप्पा गाठला. दोन चिमुकल्या भट्ट्या, एकीत नमुन्याची अ‍ॅल्युमिनियमची वाटी, दुसरीत रिकामी वाटी. दोन्हींचं तापमान सतत सारखं ठेवायचं आणि त्यासाठी नमुन्याच्या भट्टीला जी जादा वीज पुरवावी लागते ती मोजायची. ती वीज म्हणजेच नमुन्याने घेतलेली उष्णता. हे यंत्र डीएससी या नावाने जगभर पसरलं. औषधं, प्लास्टिक, मेण, लोणी, सगळ्यांच्या वितळण्याचा आलेख ते अर्ध्या तासात काढून देतं.

वाटीत मावतात पाच-दहा मिलिग्रॅम. गव्हाचा एक दाणा त्याहून जड असतो.

औषधाच्या शुद्ध भुकटीला एवढा नमुना पुरेसा आहे. भिंतीतल्या पदार्थाला तो पुरत नाही, आणि याची कारणं भौतिकशास्त्रातच आहेत. एक म्हणजे, मिलिमीटरभर उंचीच्या नमुन्यात तळाशी बसायला जागाच नसते. डोव्हरच्या पिंपात जे घडलं ते या वाटीत दिसणारच नाही. दुसरं, गोठायला सुरुवात होण्यासाठी द्रवात कुठेतरी पहिला स्फटिक धरावा लागतो आणि द्रव जितका थोडा, तितकी ती शक्यता कमी. त्यामुळे वाटीतला क्षार वितळबिंदूच्या कितीतरी खाली गेला तरी द्रवच राहतो, पिशवीभर क्षार त्यामानाने लवकर गोठतो. तिसरं कारण गतीचं. यंत्र सहसा मिनिटाला १० अंश, अशा वेगाने तापवतात. खोलीची भिंत तासाला एक-दोन अंशांनी चढते-उतरते. म्हणजे तिनशे ते सहाशे पट घाई. एवढ्या घाईत नमुन्याची कड तापते तेव्हा पोट मागेच असतं, आणि तापवताना वितळण्याचा शिखरबिंदू पुढे सरकतो, थंड करताना मागे. एकच मेण एका आलेखात ३० ला वितळतं आणि दुसऱ्यात २४ ला गोठतं असं दिसतं, आणि या दोहोंतला किती फरक मेणाचा आणि किती यंत्राचा हे कळत नाही.

ही अडचण युरोपातल्या प्रयोगशाळांनी एकच नमुना वाटून घेऊन, आपापल्या यंत्रांवर मोजून, आकडे शेजारी मांडून पाहिली. त्यातून ठरलेली पद्धत साधी आहे: तापवण्याची गती निम्मी करत जायची आणि लागोपाठच्या दोन गतींच्या आलेखांतला फरक ०.२ अंशांच्या आत आला की थांबायचं. वेळ लागतो, पण आकडा विश्वासाचा मिळतो.

चीनमधल्या छिंगहुआ विद्यापीठात झांग यिनपिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यंत्रच बाजूला ठेवलं. त्यांच्या पद्धतीला टी-हिस्टरी म्हणतात आणि ती एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयातही करून पाहता येईल अशी आहे. काचेच्या दोन सारख्या अरुंद परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत पाणी, दुसरीत तपासायचा पदार्थ. दोन्ही गरम पाण्याच्या टोपात ठेवून, समजा, ५० अंशांपर्यंत न्यायच्या, मग बाहेर काढून स्थिर, थंड हवेत शेजारी शेजारी उभ्या करायच्या. दोन्हींच्या मध्यावर तापमापकाची टोकं, आणि दर काही सेकंदांनी नोंद. पाण्याचा आलेख एका लयीत उतरत जातो. मेणाचा आलेख थोडा उतरतो आणि आडवा होतो. कितीतरी मिनिटं तापमान हलत नाही, पण नळी हवेला उष्णता देतच असते. मेण गोठत जातं आणि दुधी होत होत कडेकडून आत घट्ट होतं. सगळं गोठलं की आलेख पुन्हा खाली झुकतो.

पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ठाऊक असते, त्यामुळे नळीतून हवेला किती वेगाने उष्णता जाते ते पाण्याच्या आलेखावरून निघतं. तोच वेग मेणाच्या नळीला लावायचा, आडव्या भागाखालचं क्षेत्रफळ काढायचं, की अप्रकट उष्मा हाती येतो. नमुना काही ग्रॅमांचा, म्हणजे डीएससीच्या हजारपट. गोठणं नैसर्गिक गतीने. आणि नळी पारदर्शक असल्याने क्षार तळाशी बसतोय का हे डोळ्यांनी दिसतं. २००३ मध्ये स्पेनच्या झारागोझा विद्यापीठातल्या गटाने यातलं गणित सुधारलं आणि एका आकड्याऐवजी प्रत्येक अंशाला किती उष्णता साठते याचा संपूर्ण वक्र काढून दाखवला. इमारतीची संगणकावर आगाऊ तपासणी करताना नेमका हाच वक्र लागतो. या पद्धतीची मांडणी जिला ठाऊक असेल, त्या व्यक्तीला ब्लॅक यांचे टांगलेले दोन गोल ओळखू येतील. २३८ वर्षांनी मोजणी पुन्हा दोन सारख्या काचपात्रांवर आणि खोलीतल्या हवेवर आली.

स्वस्तात मोजण्याची गरज भारतात याआधीच जाणवली होती. धरम बुद्धी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ब्रिटनच्या ‘जर्नल ऑफ फिजिक्स डी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. महागड्या उपकरणाशिवाय, रॉबर्ट्स-ऑस्टिन यांच्या जुन्या पद्धतीचं सोपं रूप करून अप्रकट उष्मा कसा काढता येईल, हे त्यात होतं. पुढे बुद्धी इंदूरला देवी अहिल्या विद्यापीठात आले. होळकरांच्या या शहरात, विद्यापीठाच्या ऊर्जा व पर्यावरण अध्ययन विभागात, त्यांच्या गटाने असं काम केलं ज्याची दखल या विषयावरच्या आढाव्यांमध्ये आजही घेतली जाते. त्यांनी बाजारात मिळणारा, व्यापारी प्रतीचा माल घेतला: पॅराफिन मेण, स्टिअरिक आम्ल आणि अ‍ॅसिटामाइड. रासायनिक दुकानातल्या अतिशुद्ध बाटल्या मुद्दाम टाळल्या, कारण सौरचुलीत किंवा पाणी तापवण्याच्या टाकीत कुणी तो माल भरणार नाही. मग हे पदार्थ पुन्हा पुन्हा वितळवले आणि गोठवले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही चक्रं १५०० होती. मेण आणि अ‍ॅसिटामाइड बऱ्यापैकी टिकले. स्टिअरिक आम्ल एका तापमानाला न वितळता रुंद पट्ट्यात वितळताना दिसलं.

डोव्हरच्या घराला जे विचारायचं राहून गेलं होतं, ते इंदूरमध्ये विचारलं गेलं. या कामाचं मोल त्यात आहे. त्या गटाचा रोख भिंतींपेक्षा सौरचुलीवर होता. दिवसा साठवलेल्या उष्णतेवर संध्याकाळचा स्वयंपाक व्हावा म्हणून स्टिअरिक आम्लाची चूल त्यांनी करूनही पाहिली होती. पण चाचणीची रीत भिंतीलाही तशीच लागू पडते. रोज एक चक्र धरलं, तर १५०० चक्रं म्हणजे चार वर्षं. जर्मनीत अशा पदार्थांना गुणवत्तेचं चिन्ह देताना चक्रांवरून वर्ग ठरवतात, आणि सर्वांत वरच्या वर्गाला १०,००० चक्रं लागतात, म्हणजे सत्तावीस वर्षं. आपल्याकडे घर त्याहून जास्त काळासाठी बांधतात.

आता हे सगळं जबलपूरच्या एका घराला लावून पाहावं. इथे मे महिन्यात दिवसाचं कमाल तापमान सरासरीने चाळिशीच्या वर असतं आणि रात्रीचं किमान २६ अंशांच्या आसपास. दिवसा वितळवण्याची चिंता नाही, चिंता रात्री गोठवण्याची आहे. छतात २९ ला वितळणारा कॅल्शियम क्लोराइडचा क्षार बसवला आणि विक्रेत्याच्या पत्रकात नुसता वितळबिंदू दिला असेल, तर घरमालकाला अर्धीच माहिती मिळाली. हा क्षार अनेकदा वितळबिंदूच्या चार-पाच अंश खाली गेल्याशिवाय गोठायला लागत नाही. म्हणजे त्याला २४-२५ हवेत, आणि मे महिन्यातली पहाट देते २६. क्षार रात्रभर द्रवच राहील, दुसऱ्या दिवशी साठवायला त्याच्यात काही उरणार नाही, आणि घरात बसलेला माणूस म्हणेल की या पदार्थाची नुसती जाहिरातच होती. दोष पदार्थाचा कमी आणि मोजणीचा जास्त असेल. असल्या हवेसाठी थंड होतानाचा आलेख आधी मागावा, तापतानाचा नंतर. नमुना किती ग्रॅमांचा होता आणि कितव्या चक्रानंतरचा होता, हेही विचारावं.

क्षारात थोडं स्ट्रॉन्शियम क्लोराइड मिसळलं तर त्याच्या कणांवर स्फटिक धरायला आधार मिळतो आणि ही ओढाताण बरीच कमी होते. ती पुरेशी कमी झाली का, हे पाहायला परदेशी यंत्राची वाट पाहावी लागत नाही. दोन परीक्षानळ्या, दोन तापमापक आणि २६ अंशांच्या हवेतली एक रात्र एवढ्यावर जबलपूरच्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी त्याचं उत्तर काढू शकतात, आणि ते उत्तर मिलिग्रॅमभर नमुन्यावरून आलेल्या आकड्यापेक्षा तिथल्या छताच्या जास्त उपयोगाचं असेल.